थोरलीचा कान

१२ सप्टेंबर

त्या सकाळी मी म्हशीची धार काढून आले होते. दूध चुलीवर, शेजारी पुरणाची डाळ शिजत घातलेली, आणि मी उंबऱ्यावर बसून झेंडूची माळ ओवत होते. हे स्वयंपाकघरात आले, मिसळणाच्या डब्यातली पितळी वाटी उचलली, तिच्यातली हळद कागदावर ओतली आणि वाटी फडक्यानं पुसून खिशात घातली. ऐन दसऱ्याला माझी हळदीची वाटी कशाला हवी, म्हटलं. "आणून देतो," म्हणाले. संध्याकाळी आणून दिली ती आतून काळी झालेली, जळका वास येणारी. मी पुष्कळ बडबडले. पुढं दर दसऱ्याला ते तीच वाटी नेऊ लागले, आणि मी हळदीला दुसरी घेतली. अजून ती फडताळाच्या वरच्या फळीवर आहे. ते गेल्यापासून मी तिला हात लावलेला नाही.

आज ती सकाळ आठवली कारण तात्याबा येऊन गेले. तात्याबा म्हणजे यांचे चुलते. देवीच्या पालखीचं सगळं तेच बघतात. म्हणाले, वर्षश्राद्ध झालं, दुखवटा सरला, यंदा थोरलीला बत्ती ऋषिराज देईल.

थोरली म्हणजे आमच्या गावची तोफ. इथं सगळ्यांना सगळं ठाऊक म्हणून कोणी नीट सांगत नाही, मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मलाही सांगितलं नव्हतं. ती माळावर शिवेच्या दगडी ओट्यावर असते. दसऱ्याला पालखी शिवेपाशी येऊन थांबते आणि थोरलीचा बार झाला की मगच शीव ओलांडते. गोळा नसतो, नुसती दारू ठासतात. बत्ती द्यायचा मान आमच्या घराचा. हे फौजेत आर्मोरर होते, बंदुका दुरुस्त करायचे. नोकरीत असतानाही दसऱ्याची रजा चुकवली नाही. गेल्या श्रावणात, म्हणजे मागच्या वर्षीच्या, ते गेले. मानकऱ्याच्याच घरी दुखवटा, म्हणून बार झाला नाही.

मला त्यांनी बाराला कधी येऊ दिलं नाही. गावातल्या बाया पालखीमागून माळावर जायच्या, मी घरी पोळ्या लाटत बसायची. "बायकांचं काय काम तितं?" म्हणायचे. ऋषिराज आमचा मुलगा, त्यालाही जवळ घेत नसत, पार विहिरीच्या काठड्यामागं उभं करायचे. बाकी चाळीस बाया चालतात आणि मी चालत नाही, हे मला लागायचं. अजून लागतं.

१५ सप्टेंबर

घट बसायच्या आधी थोरलीला तेलपाणी करायचं असतं. ते काम आम्ही दोघं करायचो. आज मी एकटी गेले. ऋषिराज पहाटे धावायला जातो. सैन्यभरतीत त्याची मैदानी आणि लेखी झाली आहे, आता कागदपत्रं आणि पोलिसांचा दाखला राहिलाय. त्याच्या जिवाला सध्या तेवढंच.

थोरली ओतीव नाही. लांब लोखंडी पट्ट्या पिंपासारख्या जुळवून त्यावर तापवलेली कडी एकाला एक चढवलेली आहेत. हातात बांगड्या भराव्यात तशी दिसतात, म्हणून असल्या तोफेला बांगडी तोफ म्हणतात. मी तिला गोडं तेल लावलं, पुसून काढलं, आणि चिकटपणा जावा म्हणून वरून चुलीची राख फासली. घरून आणलेला चहा प्यायला बसले. कप ठेवून बघते तर बुडाकडच्या कड्यावर राखेतून एक काळी ओली रेघ वर आलेली. केसाएवढी. पुन्हा पुसली, पुन्हा राख लावली. पुन्हा आली.

नखानं उकरलं तर आतून मेण निघालं. मेणात काजळ कालवून लोखंडाच्या रंगाचं केलेलं. यांचंच काम. पावसाचं पाणी शिरू नये म्हणून भरलं असणार. फार निगुतीचा माणूस.

१७ सप्टेंबर

दोन दिवस ती रेघ डोळ्यांपुढून जात नाही.

वडूजच्या वाचनालयातून शस्त्रांच्या इतिहासाचं जाड पुस्तक आणलं आहे, तिसऱ्यांदा. हे असताना घरात बंदुकीबद्दल बोलत नसत. ते गेल्यावर मी असली पुस्तकं वाचायला लागले. त्यांच्या हातांना काय काय ठाऊक होतं ते तरी कळावं. सातवी शिकलेल्या बाईला सगळं कळतं असं नाही. कळत नाही ते पान मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचते.

त्यात आहे की कडी चढवलेल्या तोफा वरून धडधाकट दिसतात आणि आतून सांध्यांना गंज खातो. शत्रूनं मारले नाहीत इतके गोलंदाज काही लढायांत आपल्याच तोफा फुटून मेले. स्कॉटलंडचा एक राजा असाच कौतुकानं तोफेजवळ उभा राहिला, ती फुटली आणि तो तिथंच गेला.

आणखी एक गोष्ट आहे ती मला पहिल्या वेळीही फार खरी वाटली होती. जिथं बत्ती देतात त्या भोकाला तोफेचा कान म्हणतात. माघार घेताना तोफ ओढून नेता येईना की गोलंदाज तिच्या कानात खिळा ठोकायचे आणि निघून जायचे. म्हणजे ती कोणाच्याच उपयोगाची राहत नसे. रोज जिची सेवा केली तिच्या कानात खिळा मारताना त्या माणसाला काय वाटत असेल, हे मात्र पुस्तकात नाही.

ऋषिराजला माळावर नेऊन रेघ दाखवली. त्यानं वाकून बघितली, थट्टा केली नाही. म्हणाला, दोन कड्यांच्या मधला सांधा आहे, तेल तिथून येणारच. असेलही. मी काही लोहार नाही.

२० सप्टेंबर

देवळात बैठक झाली. बाया मागं बसतो तिथून मी ऐकलं.

तरुण मंडळाचा जयराज यंदा सागवानी गाडा करून आणतोय, थोरलीला त्यावर चढवणार. तोफेला रंग देणार. बाहेरगावचे लोक बोलावलेत, वरून उडणारा कॅमेराही आहे. पोलीस परवानगीच्या अर्जावर मानकरी म्हणून ऋषिराजनं सही केली आहे.

मग तात्याबा बोलले. गेल्या वर्षीचा बार राहिला, तो देवीचा राहिला. पालखीला शीव ओलांडायला बार एकच, दोन करता येत नाहीत. म्हणून दोन्ही वर्षांची दारू एकाच बारात घालायची. वहिवाट मापटंभर, म्हणजे अर्धा शेर दारूची, यंदा दोन मापटी.

सगळ्यांनी देवीचा गजर केला. ऋषिराजनंही. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर ती रेघ बघितली नसती तर मलाही वाटलं नसतं. देवीचं राहिलेलं तसंच ठेवायचं नाही, हे मलाही पटतं.

२१ सप्टेंबर

झोप नाही. भाकरी करपल्या.

२३ सप्टेंबर

काल घट बसले. आज एसटीनं सांगलीला आणि तिथून माधवनगरला चांदसाहेबांकडे जाऊन आले. ऋषिराजला सांगितलं, मावशीला बरं नाही.

थोरलीच्या दारूचा मान चांदसाहेबांच्या घराचा. त्यांचे वाडवडील आमच्याच गावात शोभेची दारू करायचे. आता ते मुलाकडे माधवनगरला असतात, पण दसऱ्याची दारू त्यांच्याच हातची. यांचे लहानपणापासूनचे दोस्त. डोळे अधू झालेत. आवाजावरून ओळखलं आणि म्हणाले, "या वैनी. नानासो गेला अन् आमचं गाव तुटलं बगा."

त्यांच्या बायकोनं, जैनबभाभींनी, चहा दिला. मी रेघेचं सांगितलं, मेणाचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग दोन मापट्यांचं सांगितलं तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली.

म्हणाले, "जयराज दारू घेऊन गेला परवा. जास्तीची लागल म्हनला, मला वाटलं कुटं आणिक आताषबाजी असंल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वैनी, नानासोनं मला कसम घातलीती. पर आता तो न्हाई, अन् पोरगं उभं ऱ्हानार तितं. दर साल तो माज्याकडनं मापटंभर दारू न्यायचा. सगळ्यांम्होरं न्यायचा, ठासायचा मातुर एकलाच. अन् दसरा झाला की त्यातली निम्म्याहून जादा गुपचूप परत आणून द्यायचा. एकदा म्या धरलाच त्येला. तवा म्हनला, थोरलीला आतनं चीर गेलीया. म्या तिला उपाशी ठेवतो, म्हंजे ती तग धरती."

मी विचारलं, मग बार एवढा मोठा कसा व्हायचा?

"ठासन्याची कला असती ती. आर्मोरर हुता गडी."

गावाला का सांगितलं नाही, असं विचारलं. चांदसाहेब हसले. "काय सांगनार? मानकऱ्यानं देवीला मापात मारलं म्हनून? त्येचा बा, त्येचा आजा, समद्यांनी मापटं भरून दिलं. ह्यो कमी देतोय म्हनलं तर गावात तोंड दावाया जागा ऱ्हायली असती का?"

परत येताना गाडीत खिडकीशी बसले होते. हळदीची वाटी. वाटीभर दारू. इतकी वर्षं एका घरात राहून माणूस एवढं एकट्यानं करतो. मला सांगितलं असतं तर मी काय गावभर केलं असतं? राग आला त्यांचा. ते गेल्यापासून पहिल्यांदा आला.

२५ सप्टेंबर

ऋषिराजला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, चांदसाहेब म्हातारे झालेत, त्यांना काय आठवतं काय नाही. मी वाटी काढून पुढं ठेवली. त्यानं हातात घेतली, हुंगली, परत ठेवली.

"मंजी अण्णा दर साल वाटीभर दारूत देवीची बोळवण करत हुते. आसं सांगू व्हय गावाला?"

मी म्हटलं, सांगू नको, पण तूही वाटीभरच घाल. तर म्हणाला, दारू जयराजच्या ताब्यात, मापटं तात्याबांच्या हातात, सगळं लोकांपुढं मोजून भरणार. मी नुसती बत्ती देणार. मग त्यानं माझंच पुस्तक आणून पान उघडलं. पूर्वी तोफ तयार झाली की दुप्पट दारू घालून तपासत, मगच घेत, असं त्यात खरंच लिहिलं आहे. मी म्हटलं, ते नव्या तोफेला. तो म्हणाला, तुला तरी काय म्हाईत ती फुटणार म्हणून? अण्णांना वाटलं, तुला वाटतंय. फुटली तर न्हाई ना आजवर.

मी वाटी उचलून परत फडताळावर ठेवली.

शेवटी दारात उभा राहून म्हणाला, "आई, मी भरतीला निघालोय. बत्ती द्यायला भ्यालं म्हणून गाव हसलं तर मी तितं कुठल्या तोंडानं जाऊ? अन् अण्णांचं ह्यातलं एक अक्षर भायेर बोलू नको. शपथ हाय तुला."

मी शपथ घेतली. हे चूक झालं की बरोबर, कळत नाही. पण त्याच्या वडिलांनी जे मरेपर्यंत झाकलं ते मी चव्हाट्यावर मांडणार नाही, एवढं मलाही वाटलं.

२८ सप्टेंबर

वडूजला पोलीस ठाण्यासमोर जाऊन उभी राहिले. चहाच्या टपरीवर चहा घेतला, दुसरा घेतला. आत जाऊन सांगायचं काय? तोफ धोक्याची आहे म्हणाले तर अर्ज कोणाचा, ऋषिराजचा. चौकशी कोणाची, त्याची. त्याच ठाण्यातून त्याच्या भरतीचा दाखला यायचा आहे. टपरीवाल्यानं विचारलं, मावशी, कोणाची वाट बघताय? उठले आणि परत आले.

येता येता तात्याबांकडे गेले. चिरेचं बोलले, यांचं नाही. म्हटलं, राहिलेला बार नारळ देऊन फेडू, यंदा एकच मापटं घाला, तेही थोडं कमी. तात्याबा रागावले नाहीत. मला पाणी दिलं. म्हणाले, "सूनबाई, पुस्तकं वाचून डोस्कं भणाणलंय तुजं. आगं, आमचा नानासो फौजंतला आर्मोरर. त्येनं कवा काढली का असली शंका? त्येला कळत नव्हतं आन् तुला कळतंय?"

मी पाण्याचा तांब्या हातात धरून बसून राहिले.

३० सप्टेंबर

थोरलीला गाड्यावर चढवलं. काळा चकचकीत रंग दिला. रेघ दिसत नाही. पोरं म्हणाली, काकी, बघा कशी नटली म्हातारी.

ऋषिराज बत्तीची काठी घेऊन उभं राहायचा सराव करत होता. यांच्यासारखाच डावा पाय पुढं टाकतो. बुडाकडचं कडं आणि त्याची छाती, मध्ये ती काठीच काय ती.

१ ऑक्टोबर

आज खंडेनवमी. सकाळी घरातली हत्यारं पाटावर मांडली. विळे, कोयता, कुऱ्हाड, शिलाई मशीन, आणि यांची आर्मोररची लोखंडी पेटी. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आज पूजलेलं हत्यार हाती धरायचं नसतं. आज त्यांना विसावा.

माळावर थोरलीचीही पूजा झाली. तिच्या कानाला कुंकू लावलं, हार घातला. मग सगळे होमासाठी देवळात गेले. ऋषिराजही गेला. जाताना मला म्हणाला, तू पण चल. मी म्हटलं, दूध चुलीवर आहे, येते.

मी पाटासमोर बसले आणि यांची पेटी उघडली. आत तेलकट फडक्यात सगळं जिथल्या तिथं. त्यांचा निमुळता, जाड खिळ्यासारखा पोलादी पंच घेतला आणि हातोडा घेतला. पूजलेलं हत्यार उचलते आहे, हे कळत होतं. फोटोकडे बघितलं नाही.

माळावर कोणी नव्हतं. देवळातून होमाचे मंत्र ऐकू येत होते. गाड्यावर चढले. कानात करंगळीही जात नाही एवढं भोक. पंचाचं टोक त्यात बसवलं आणि हातोडा घातला. पहिला घाव हातावरच बसला. मग नीट बसू लागले. तो घट्ट होईतो ठोकला, आणि मग बाजूनं घाव घातले तेव्हा वरचा तुकडा मोडून उडाला. आतला आतच राहिला. कुंकू सगळं हाताला लागलं होतं, कुंकू की रक्त ते पुसल्यावर कळलं.

घरी पळून जावं असं वाटलं नाही असं नाही. पण मग दुसऱ्या कोणावर आलं असतं. ओट्यावर हातोडा शेजारी ठेवून बसून राहिले.

आधी जयराज आला, मग सगळे. कोणी केलं, असं विचारायची गरज पडली नाही. जयराजनं गाडी पाठवून ड्रिल आणवलं. दोन पाती मोडली. पोलाद आहे ते, यांनी निवडलेलं. तात्याबा कितीतरी वेळ त्या कानाकडे बघत होते. मग म्हणाले, "का केलंस?"

मी म्हटलं, "मला भ्या वाटलं."

"नुसतं भ्या वाटलं म्हणून?"

"व्हय. नुसतं भ्या वाटलं म्हणून."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, नानासो असता तर लाजेनं मेला असता. बाई यडी झाली, असंही कोणी म्हणालं. ऋषिराज समोर उभा होता. त्याला सगळं ठाऊक. तोंड उघडलं असतं तर मला सोडवता आलं असतं, आणि बापाला बुडवावं लागलं असतं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं मान खाली घातली. मला तेच हवं होतं.

४ ऑक्टोबर

दसरा झाला. दोन दिवस लिहायला हात चालत नव्हता, पट्टी आहे.

दसऱ्याला मी माळावर गेले. कोणी बोलावलं नाही, कोणी अडवलंही नाही. माझ्या आजूबाजूला जागा मोकळी होती. पालखी शिवेपाशी येऊन थांबली. सवयीनं सगळ्यांनी कानांवर हात ठेवले आणि मग एकेकानं काढले. थोरली हार घालून गप्प. वरचा कॅमेरा घोंगावत होता. ऋषिराज बत्तीची न पेटवलेली काठी घेऊन, डावा पाय पुढं टाकून उभा होता. त्याला कोणी बाजूला हो म्हटलं नाही, आणि तोही झाला नाही. बराच वेळ असा गेला. शेवटी भोई म्हणाले, तात्या, खांदे भरून आले. तात्याबांनी मान हलवली. पालखीनं शीव ओलांडली. काही झालं नाही.

थोरली फुटली असती की नसती, हे मला आता कधीच कळणार नाही. गावालाही नाही. गावाच्या मते ती धडधाकट होती आणि एका भित्र्या बाईनं तिची वाट लावली. ते म्हणतात तसं असेलही.

माळावरून यायला उजवीकडची वाट विहिरीवरून आहे. काठड्यामागं जिथं हे मुलाला उभं करायचे तिथं मी थोडी थांबले. तिथून तोफ दिसत नाही, नुसतं आभाळ दिसतं. एवढ्या वर्षांत एकदा तरी त्यांनी मला बोलवायला हवं होतं.

संध्याकाळी ऋषिराज सोनं घेऊन घरी आला. दर वर्षी पहिलं पान माझ्या हातात देतो. यंदा यांच्या फोटोपुढं ठेवलं, पाया पडला आणि जेवायला बसला. दुसरी पोळी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढून आल्यावर मी फडताळावरची वाटी खाली काढली. चिंच लावून घासली, उन्हात वाळवली आणि तिच्यात हळद भरली.